सोमवारी थॅलियम नव्हतं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने वैतागते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी घाटात बंद पडते, आणि लाइट नेमके तेव्हाच जातात! नवऱ्याला वाचून दाखवते, दोघं हसतो, मासिक बाजूला पडतं. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगेन... आधी लिहून तर होऊ दे.

नागपूरचं आमचं घर. भिंतीवर बुद्धाचा फोटो, फडताळात पुस्तकं, बस. गंडा-दोरा, अंगात येणं, नजर काढणं... काही म्हणजे काही नाही. बाबा रेल्वेत क्लार्क होते. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या तापावर मीठ-मिरच्या ओवाळल्या, तर बाबांनी त्यांना चहा पाजला आणि थर्मामीटर कसा वाचायचा ते शिकवून घरी पाठवलं. अशा माणसाची मी मुलगी. वर शिक्षण फिजिक्सचं. तेव्हा ‘भास झाला असेल’ वगैरे लिहून पाठवायचं असेल तर कृपा करून पाठवू नका, ते मी स्वतःला शंभर वेळा म्हणून झालंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची. नोएडात सेक्टरवर सेक्टर उठत होते आणि त्यातल्याच एका सेक्टरात एक नवं खासगी हार्ट हॉस्पिटल उघडलं होतं. नाव नाही सांगत. बाहेर कारंजं, आत संगमरवर, रिसेप्शनवर इंग्रजीत बोलणाऱ्या मुली, आणि तळघरात आम्ही — न्यूक्लिअर मेडिसिनवाले. मी तिथे टेक्नॉलॉजिस्ट होते. थॅलियम स्कॅन काढायचे.

ते काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थॅलियम हे किरणोत्सर्गी औषध. अगदी थोडंसं शिरेत टोचायचं. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि तिथून किरण बाहेर टाकतं. पेशंट पलंगावर, त्याच्या छातीवर आमचा कॅमेरा. हा कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, आतून येणारे किरण नुसते टिपतो. जिथे स्नायूला रक्त मिळतंय तिथे पडद्यावर उजळ, जिथे नाही तिथे काळी जागा. निरोगी हृदय घोड्याच्या नालेसारखं दिसतं. आता काळी जागा दिसली म्हणजे स्नायू मेलाच असं नाही बरं का. म्हणून चार तासांनी पुन्हा फोटो काढायचे. तेवढ्या वेळात ती जागा भरून आली, तर स्नायू जिवंत आहे, नुसता उपाशी आहे. ऑपरेशन करून रक्त पोचवलं तर वाचेल. नाही भरली, तर संपलं. हार्ट अ‍ॅटॅकनं किती नेलं आणि किती ठेवलं, ते असं कळायचं.

थॅलियम परदेशातून विमानानं यायचं, दर मंगळवारी संध्याकाळी, शिशाच्या डब्यात. तीन दिवसांत निम्मं होतं ते. त्यामुळे बुधवार ते शुक्रवार आमच्याकडे ही रांग, आणि सोमवारी लॅब रिकामी. आम्ही दुसरं कुठलंच औषध वापरत नव्हतो तेव्हा. सोमवारी फायली लावायच्या, चहा प्यायचा आणि राजबीरकडून त्याच्या घरच्या म्हशींची खुशाली ऐकायची. राजबीर माझ्याबरोबरचा टेक्नॉलॉजिस्ट. रोहतककडचा, सहा फूट उंच, आणि पालीला घाबरायचा.

पेशंट असो-नसो, रोज सकाळी एक काम ठरलेलं असायचं. रिकाम्या पलंगावर पाच मिनिटं कॅमेरा चालवून बघायचा. औषध कुठे सांडलेलं नाही ना, मशीन ठीक आहे ना, एवढंच. पडद्यावर इकडेतिकडे चार ठिपके यायचे, बस. पण आमचा कॉम्प्युटर असा शहाणा, की नावाशिवाय फाइल उघडायचाच नाही! पेशंटचं नाव टाका, वय टाका, मगच पुढे. पहिल्या दिवशी मशीन बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, “कोई भी नाम डाल दो मॅडम.” त्याच सकाळी दादानं मला द्वारकेहून स्कूटरवर आणून सोडलं होतं, पायाशी माझी ट्रंक ठेवून. तोच डोक्यात होता. मी टाइप केलं : मिलिंद, वय बेचाळीस. मग तेच चालू राहिलं. रोज सकाळी कॉम्प्युटर आदल्या दिवसाचं नाव पुढे करायचा आणि आम्ही एंटर दाबायचो. दोन वर्षं... दोन वर्षं रोज.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. मी अकरावीत असताना बाबा गेले. पुढचं माझं सगळं त्यानं केलं. स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं, मला मुंबईला शिकायला ठेवलं, “फिजिक्सवाल्या मुलीशी लग्न कोण करणार” म्हणणाऱ्या मामांना गप्प केलं. तो मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्सचा मॅनेजर होता. द्वारकेत सोसायटीत फ्लॅट घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा द्वारका म्हणजे नुसत्या इमारती, मेट्रो-बिट्रो काही नाही. पाण्याचा टँकर आला की वहिनी बादल्या घेऊन खाली धावायची. मी नोएडात पेइंग गेस्ट राहायचे आणि शनिवारी दोन बस बदलून त्यांच्याकडे जायचे.

फाइलला त्याचं नाव आहे हे त्याला माहीत होतं. जाम खूश होता त्यावर. “म्हणजे रोज सकाळी माझं हृदय तपासतेस आणि रोज रिकामं निघतं? तुझ्या वहिनीला नको सांगूस बे, तिला आधीच डाऊट आहे.” वहिनी आतून म्हणायची, “डाऊट नाही, बिल्कुल खात्री आहे.”

तर तो सोमवार.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी कॅमेरा चालू केला, एंटर दाबला आणि टेबलाशी डबा उघडून पोहे खायला बसले. सहज पडद्याकडे नजर गेली तर ठिपके मध्यभागी जमत होते. मला आधी रागच आला. म्हटलं, राजबीरनं शुक्रवारी कुठेतरी सांडलंय आणि पुसलं नाही. मग ते जमत-जमत गोल झालं. गोलाच्या मध्ये पोकळी आली. आणि दोन मिनिटांत पडद्यावर हृदय होतं. फिकट, पण हृदय. समोरच्या भिंतीत आणि खाली टोकाला मोठी काळी जागा. मी ते आकार रोज पाहत होते हो, माझी चूक होणं शक्य नाही.

पलंग रिकामा होता. पांढरी चादर, उशी. बस.

“राजबीर, इधर आना जरा.” माझा आवाज एकदम साधा निघाला, हे मला अजून आठवतं.

तो आला, बघितलं, म्हणाला, “किसका है?”

“किसी का नहीं. पलंग देख.”

त्यानंतर अर्धा तास आम्ही जे करायचं ते सगळं केलं. चादर बदलली. पलंग पुसला. किरण असले की टिकटिकणारं हातातलं यंत्र पलंगावरून, उशीवरून, जमिनीवरून फिरवलं. ते गप्प. शुक्रवारची उरलेली बाटली कुलपात ठेवली होती, आणि ती कुलपातच होती. शेजारच्या खोल्यांत कुणी पेशंट नव्हता. तळघरात आम्ही दोघंच. मग राजबीरनं किरण अडवणारा शिशाचा जाड पत्रा उचलला आणि कॅमेरा आणि पलंगाच्या मध्ये धरला. हृदय गेलं. पत्रा काढला — आलं. तीन वेळा करून बघितलं. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. जे काही होतं ते पलंगाकडूनच येत होतं.

मग मी कॅमेरा बाजूला फिरवला. कॅमेऱ्याच्याच काचेवर डाग पडला असता तर कुठूनही तो तसाच दिसला असता. पण हे वळलं. डावीकडून बघितलं तर हृदय डावीकडून दिसतं तसं दिसलं. त्याला जाडी होती, मागची बाजू होती. पलंगाच्या वर, वीतभर उंचीवर, एका माणसाच्या छातीत असावं तिथे ते होतं आणि आम्हाला डोळ्यांनी फक्त हवा दिसत होती. राजबीर भिंतीला जाऊन टेकला. मी पलंगावर हात ठेवायला गेले आणि नाही ठेवला. का नाही ठेवला, माहीत नाही. आपण कुणाच्या अंगावर हात ठेवतोय असं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

तोवर मी तीन बाजूंचे फोटो काढून फिल्मवर छापले होते. कामाची सवय, दुसरं काय. आणि सवयीनेच, एक वाजता, चार तास झाल्यावर मी पुन्हा कॅमेरा चालू केला. राजबीर म्हणाला, “रहने दो मॅडम.” मी ऐकलं नाही.

ते अजून तिथेच होतं. आणि काळी जागा भरली होती. पूर्ण नाही, पण बरीचशी. राजबीर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो हळूच म्हणाला, “जिंदा है.” आमच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त एवढाच, की स्नायू जिवंत आहे, काही करता येण्यासारखं आहे. मी ते पण छापलं. अडीच वाजता पडदा साफ झाला आणि पुन्हा काही आलं नाही.

संध्याकाळी मी फिल्म घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. चांगला माणूस, हुशार. त्यांनी फिल्म उजेडावर लावल्या आणि लगेच म्हणाले, “समोरची मुख्य नस. मोठा एरिया आहे, पण वाचवता येईल. मिलिंद कोण?”

फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं. मिलिंद, बेचाळीस. इतका वेळ मी ते पाहिलंच नव्हतं. मी खुर्ची धरली.

“सर, माझा भाऊ. पण हा त्याचा स्कॅन नाही. हा रिकाम्या पलंगाचा आहे.”

सरांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, शिशाच्या पत्र्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “सुजाता, मी रागावलो नाही. भावाचा स्कॅन गुपचूप केलास, ठीक आहे, माणूस करतो. बस, खोटं बोलू नकोस.” मी म्हटलं, सर, आज सोमवार आहे, थॅलियम कुठून आणू? ते म्हणाले, शुक्रवारचं उरलेलं. राजबीरला बोलावलं. राजबीर मान खाली घालून उभा राहिला आणि “जी सर, पलंग खाली था” एवढंच म्हणाला, ते ऐकून सरांना वाटलं दोघं मिळालेले आहेत.

माझी तेव्हाची हालत कशी सांगू? पुरावा हातात होता आणि त्याच्यावर नेमकं तेच नाव होतं ज्यामुळे तो पुरावा राहत नव्हता. शेवटी सर म्हणाले, “भावाला गुरुवारी घेऊन ये. रीतसर करू. नोकरीची काळजी करू नकोस.”

मंगळवारी कामावरून सरळ द्वारकेला गेले. दादा बनियनवर टीव्ही बघत होता. भाची मिनू, नऊ वर्षांची, दिल्लीत वाढलेली, म्हणाली, “आत्या, आज तर सॅटर्डे नाही, तू कशी आली?” मी दादाला खोटंच सांगितलं, की स्टाफच्या घरच्यांसाठी तपासणी ठेवलीय, गुरुवारी ये. खरं काय सांगणार होते? तुझं हृदय रिकाम्या पलंगावर दिसलं म्हणून?

“मला काय धाड भरलीय? ऑडिट आहे या आठवड्यात.”

“दादा, माझ्यासाठी ये ना.”

त्यानं टीव्ही बंद केला. मी त्याच्याकडे असं काही मागायचे नाही. “रडतेस कशाला बे? येतो ना. चलो, जेव आता.”

गुरुवारी तो ऑफिसचे काळे बूट घालून आला आणि त्याच बुटांनी चालत्या पट्ट्यावर पळाला. पेशंटची छाती दुखते का, धाप लागते का ते बघत पट्ट्याचा वेग वाढवत नेतात, आणि माणूस पुरता दमला की थॅलियम टोचतात. दादा दमेचना. सरांना म्हणाला, “इससे ज्यादा तो मैं कंपनी बस के पीछे भागता हूँ.” औषध मी टोचलं. फोटो मी काढले. माझे हात इतके थंड होते की तोच म्हणाला, “तुझीच तपासणी कर आधी.”

नॉर्मल. पूर्ण, सुंदर, अखंड नाल. कुठे केसाएवढी चीर नाही. चार तासांनी पण तेच.

सर मोठ्यानं हसले. “घोडा आहे तुझा भाऊ!” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, “ती सोमवारची फाइल कुणाची तरी दुसऱ्याची. नावांची गडबड झाली असेल. विसरून जा.” आणि मी विसरायला एका पायावर तयार होते! पंधरा मिनिटं बाथरूममध्ये रडले, तोंड धुतलं, बाहेर येऊन दादाबरोबर कॅन्टीनमध्ये समोसे खाल्ले. राजबीरनं सुद्धा एक उचलला. मनातून मी स्वतःला म्हणत होते, बघ, कुठल्या कुठे गेलीस तू, बाबा असते तर काय म्हणाले असते.

दादानं त्या रिपोर्टचं काय केलं असेल? छोटी झेरॉक्स काढून लॅमिनेट करून आणली. पाकिटात ठेवायचा. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना दाखवून झाली. “बहन ने खुद किया है, गॅमा कॅमेरा से. तुम्हारी है किसी की?” वहिनी वैतागायची, “आता ते गळ्यात घालून फिरा.” मी पण हसायचे. त्या वेळी सगळ्यात जास्त मीच हसायचे.

सात आठवडे गेले.

नंतर मला बसमधल्या लोकांकडून, कारखान्यातल्या लोकांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं ते असं. सकाळी सातच्या कंपनी बसमध्ये बसल्या-बसल्या दादाच्या छातीवर दाब आला. घाम आला. शेजारचे सिंगसाहेब म्हणाले, उतरू या, समोरच नर्सिंग होम आहे. दादानं पाकीट काढून रिपोर्ट दाखवला. “गॅस है. दिल का तो सर्टिफिकेट है मेरे पास.” मानेसरला पोचल्यावर कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, ईसीजी काढून घ्या, गुडगावला गाडी जातेय. दादानं त्यालाही रिपोर्ट दाखवला. डॉक्टरनं तारीख बघितली, ताजाच होता. अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. दादा स्टोअर्समध्ये जाऊन कामाला बसला. एक वाजता जेवला नाही. दोन वाजता रॅकजवळ खाली बसला तो उठला नाही.

सात ते दोन. सात तास. नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पहिल्या काही तासांत दिलं तर स्नायू वाचतो. हे मी माझ्या पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगायचे.

गुडगावच्या नर्सिंग होममध्ये त्यांनी त्याचा जीव वाचवला. आठवड्यानं आमच्याकडे आणलं. अँजिओग्राफी झाली. समोरची मुख्य नस पूर्ण बंद. सर्जन म्हणाले, बायपास करू, पण त्या नसेच्या पलीकडे काही जिवंत उरलं असेल तरच. मेलेल्या स्नायूला रक्त पोचवून काय उपयोग? थॅलियम करा आणि सांगा.

राजबीर म्हणाला, मैं करता हूँ मॅडम, आप बाहर बैठो. मी नाही ऐकलं. पुन्हा मीच टोचलं. दादा स्ट्रेचरवरून पलंगावर आला तेव्हा इतका हलका झाला होता... त्याला उचलायला दोनच माणसं लागली. पडद्यावर ठिपके जमायला लागले. गोल झाला. पोकळी आली. समोरच्या भिंतीत आणि खाली टोकाला काळी जागा.

मी कपाटातून सोमवारच्या फिल्म काढल्या आणि नव्या फिल्मवर ठेवून उजेडावर धरल्या. एकावर एक बसल्या. काळ्या जागेच्या वरच्या कडेला एक छोटी खाच होती, ती सुद्धा. राजबीरनं बघितलं आणि खोलीच्या बाहेर निघून गेला.

पण ऐका... मला त्या वेळी भीती नाही वाटली. मला आनंद झाला. खरंच. कारण सोमवारी चार तासांनी ती जागा भरली होती ना! मग आजही भरणार. ‘जिंदा है’ म्हणाला होता राजबीर. वहिनी बाहेर बाकावर बसली होती, मिनूला शेजाऱ्यांकडे ठेवून आली होती. तिला मी म्हटलं, वहिनी, काळजी नको करूस, ऑपरेशन होणार आहे, मला माहितेय. तिनं माझा हात धरून ठेवला. आयुष्यात कधी कुणाला नवस बोलले नाही मी, पण ते चार तास मी त्या रिकाम्या पलंगावरच्या हृदयावर विश्वास ठेवून काढले. जे काही होतं, त्यानं मला दाखवलं होतं की वाचवता येईल. मग उगीच कशाला दाखवेल?

चार तासांनी कॅमेरा चालू केला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी वेळ वाढवत राहिले. जागा भरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केलं, कधीकधी उशिरा भरते म्हणून. नाही भरली. सर मागे उभे होते. ते म्हणाले, “पुरे, सुजाता.” आणि त्यांनीच मशीन बंद केलं.

म्हणजे सगळं तसंच होतं. नस तीच, जागा तीच, खाच तीच. फक्त दुसरा फोटो वेगळा होता. सोमवारी मला जो माणूस दिसला तो वेळेवर हॉस्पिटलमध्ये पोचलेला होता.

सरांना मी एकदाच विचारलं, आता तरी सांगा, ते काय होतं? ते म्हणाले, तू भावाचा स्कॅन आधी केला होतास. मी म्हटलं, मग गुरुवारी तो नॉर्मल कसा आला? एवढी मोठी जागा तीन दिवसांत बरी होते का? सर म्हणाले, “मला माहीत नाही. आणि तू पण आता विचारू नकोस.” कंपनीच्या इंजिनियरनं मशीन उघडून बघितलं, त्यात काही दोष नव्हता. राजबीर वर्षभरात नोकरी सोडून गावी गेला. लग्नाची पत्रिका पाठवली होती, त्या विषयावर कधी बोलला नाही. फिल्म माझ्याकडे अजून आहेत. पण दाखवणार कुणाला? त्यांच्यावर दादाचं नाव आहे. कुणीही म्हणेल, तुझ्या भावाचा स्कॅन आहे की हा.

दादाचं ऑपरेशन नाही केलं. औषधांवर ठेवलं. कारखाना सुटला. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्याला अर्धा तास लागायचा, मग त्यानं यायचंच सोडलं. सहा वर्षं तो त्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून होता. सोमवारचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. सांगायला गेले होते एकदा, पहिल्याच वर्षी. वहिनी टँकरवर गेली होती, आम्ही दोघंच होतो. “दादा, तो रिपोर्ट...” एवढं म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्याला वाटलं, टेस्ट चुकली म्हणून मी रडतेय. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “वेडी आहेस का बे? उलट बरं झालं. त्या दिवशी बसमध्ये जाम दुखत होतं ग. दुसरा कुणी असता तर भीतीनंच मेला असता. मला भीती नाही वाटली. म्हटलं, सुजानं बघितलंय सगळं.”

तो मला पाठीवर थोपटत होता आणि त्याला धाप लागत होती.

ते काय होतं, मला कळलेलं नाही. कुणी दाखवलं, का दाखवलं, की कुणीच दाखवलं नाही, काही सांगता येत नाही. भूत नव्हतं, देव नव्हता, यावर मी अजून ठाम आहे. मला एवढंच कळतं की मला ते दिसलं नसतं तर मी दादाला गुरुवारी बोलावलं नसतं. त्याच्याकडे रिपोर्ट नसता. आणि त्या सकाळी छातीत दुखल्यावर तो घाबरला असता, आणि सिंगसाहेबांबरोबर बसमधून उतरला असता.